फुकटचा बर्फ

बावीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात.
एक लादी जमायला अख्खा दिवस आणि रात्र जाते,
मिठाचं पाणी, नाकात मुक्कामाला आलेला अमोनिया,
आणि ते विजेचं बिल, जे बघून मालकाचा चहा निवतो.
म्हणून फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी
आभाळानं दहा मिनिटांत
आमच्या अख्ख्या उन्हाळ्याचा माल ओतून दिला
तेव्हा, खरं सांगतो, भीती नंतर वाटली.
आधी अपमान वाटला.

फुटाळ्याच्या मागच्या अंगाला आमची ओळ.
चौदा घरं, सगळी टिनाची.
आधी तलावाचा रंग गेला,
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं पाणी.
बगळे न ओरडता उठले.
गुणवंताबाई खाटेवरच्या मूगवड्या उचलता उचलता म्हणाली,
"काहून रे यादो, पाण्याकडून येऊन राह्यलं न हे?"
मी म्हटलं, "येऊ दे, दोन शिंतोडे पडतील."

एक वाजली. टण्ण.
मग बराच वेळ काही नाही,
शेजारच्या पोट्ट्यानं हसून टाळी दिली.
मग मोजायला काही उरलं नाही.

निरंजनानं डोक्यावर परात धरली,
मी पोरांना खाटेखाली ढकललं,
शेळीही घुसली, तिला कोणी नाही म्हटलं नाही.
टिनातून एक गार आली ती सरळ कणकेत रुतली.
आम्ही एकमेकांना ओरडून काही सांगत होतो,
तोंडं हलताना दिसत होती फक्त.
त्या आवाजात मला आमचं कंप्रेसर आठवलं,
आणि ते किती सभ्य आहे हे पहिल्यांदा कळलं.

थांबलं तेव्हा दार उघडेना.
बाहेरून बर्फ टेकला होता, पोटरीएवढा.
जन्मभर मी बर्फ ओढला आकड्यानं,
त्या दिवशी खांद्यानं ढकलला.

बाहेर थंड, कच्च्या पानांचा वास.
तलावावर धुकं, जमिनीवर पांढरं,
आणि मधे शिशुपालचा ऑटो, काच नसलेला,
सीटवर बर्फाची सवारी बसलेली.
पिंपळाखाली पोपट. अकरा.
बाराव्याचा पाय हलत होता,
निरंजनानं त्याला ब्लाऊजच्या आत घेतलं
आणि कोणाशी बोलली नाही.
गुणवंताबाईच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.
मी खालची एक गार उचलली,
रुमालात बांधून त्याच टेंगळावर धरली.
"मारते बी हेच, शेकते बी हेच," ती म्हणाली,
आणि वड्यांचं काय झालं ते विचारलं.

मग फोन. मालक.
"लाईट गेली. डबे सुटून राह्यले. ताबडतोब ये."
मी दारात उभा, घोट्यापर्यंत बर्फात,
आणि तिकडे पैसे देऊन जमवलेला बर्फ पाणी होत होता.
मी हसलो. ते त्यानं ऐकलं असावं.
मार्चात माझा पगार उशिरा झाला.

गेलो मात्र. फावडं आणि घमेलं घेऊन आधी वाट काढली,
चौदाही दारांपुढची, मग गेलो.
जायच्या आधी एक गार सुरीनं कापून पाहिली.
आत पदर, कांद्यासारखे,
एक दुधी, एक काचेचा, परत दुधी.
वर किती येरझारा घातल्या असतील तिनं
जमण्यासाठी.
आमची लादी आतून नुसती पांढरी असते, मधोमध, आंधळी.
बावीस वर्षांत मी एकही अशी केली नाही.

बुधवारी पुन्हा ऊन, चटका देणारं.
संडासामागच्या सावलीत एक काळपट ढीग
गुरुवारपर्यंत टिकला.
एक रसवंतीवाला येऊन विचारून गेला, किलोनं कसा द्याल.
पोपट शुक्रवारी उडाला की मांजरानं नेला
यावर घरात दोन मतं आहेत.
टिनाला एकोणीस भोकं.
दुपारी फरशीवर एकोणीस कवडसे पडतात,
पोरं त्यांच्यावर पाय न देता चालायचा खेळ खेळतात.
डांबर आणायचं आहे.
आणू.